मनगट सांभाळ

"मित्रावर संकट आलेलं असताना ज्याला झोप येते, तो मित्रच नव्हे," मगदूम म्हणाला, आणि माझ्याच कॉटवर आडवा होऊन घोरायला लागला.

रविवारची दुपार होती. संकट माझ्यावर आलेलं होतं आणि ते मला नुकतंच कळत होतं. ताडमाड उंच खाडे खुर्चीत उलटा बसला होता, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून. दवाखान्यात भेटायला आलेले लोक पेशंटकडे बघतात तसा तो माझ्याकडे बघत होता.

"घाबरू नको दिगू. आम्ही हाय."

"पण झालंय काय?"

"वहिनींनी राख्या घेतल्या. हरभट रोडला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

वहिनी म्हणजे वैजयंता आरवाडे. माझ्या भावाचं किंवा खाडेच्या भावाचं तिच्याशी लग्न झालेलं नव्हतं. आम्हा दोघांनाही भाऊ नव्हता. पण सांगलीच्या आमच्या कॉलेजात एक पद्धत होती. एखाद्या मुलाला एखादी मुलगी आवडते असं जाहीर झालं, की त्या घटकेपासून ती त्याच्या सगळ्या मित्रांची वहिनी व्हायची. तिला कुणी विचारायचं नाही. मग तिच्याकडे दुसऱ्या कुणी वर मान करून बघायचं नाही, तिची सायकल पंक्चर असेल तर ढकलत न्यायची, आणि ती आली की बाकावरून उठून उभं राहायचं. घरच्या सख्ख्या वहिनीला या मुलांनी पाण्याचा तांब्यासुद्धा कधी दिला नसेल.

आता ती माझी कशी झाली, ते सांगतो.

मी जतचा. कॉलेजचं पहिलं वर्ष मी कुणाशीही न बोलता काढलं. कुणी बोलू नका असं सांगितलं नव्हतं. कुणी बोलतच नव्हतं. दुसऱ्या वर्षी हॉस्टेलला वरच्या मजल्यावर मगदूम आणि खाडे आले आणि एका संध्याकाळी, का कोण जाणे, माझ्या खोलीत शिरून बसले. थोड्या वेळानं मगदूमनं विचारलं, "तुझी कोण?"

"कुणी नाही."

"कुणी नाही असं कसं? माणूस हाईस की नाही?"

दोघं उत्तराची वाट बघत बसले. मला कॉलेजातल्या एकाच मुलीचं नाव नक्की ठाऊक होतं, कारण हजेरीत तिच्या नावानंतर माझं नाव यायचं. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकललाही सरांनी त्याच क्रमानं जोड्या लावल्या होत्या. ती ब्युरेट धरायची, मी फ्लास्क हलवायचो. "गुलाबी झालं," मी म्हणायचो. "जास्त झालं," ती म्हणायची. आमचं बोलणं एवढंच.

"आरवाडे," मी म्हणालो. हजेरी दिल्यासारखा.

खाडेनं उठून मला मिठी मारली. मगदूमनं "छुपा रुस्तम!" म्हणून पाठीत धपाटा घातला. त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी "चल लगा, भेळ खाऊन येऊ" म्हणालं. सगळं त्या एका नावावर उभं होतं. ते खोटं आहे म्हणून सांगितलं असतं, तर दोघं निमूटपणे वरच्या मजल्यावर निघून गेले असते आणि मी परत मुका झालो असतो. म्हणून मी प्रेमात राहिलो. लोक भाड्याच्या खोलीत राहतात तसा.

"राखी बांधली की खेळ खलास," खाडे म्हणाला. "गेल्या वर्षी इंगळ्याला पोरीनं सायकल स्टँडवर गाठलं. दोन्ही हातांत सायकल. काय करणार?"

"मग?"

"मग काय? परवा तिच्या साखरपुड्यात पंगतीला वाढत होता."

राखीपौर्णिमेला एरवी कॉलेजात मुलगा औषधाला सापडायचा नाही. पण त्या वर्षी पौर्णिमा आली रविवारी, म्हणजे सुट्टीत. तेव्हा ज्या मुलींना काटा काढायचा आहे त्या आदल्या आठवड्यातच काढणार, आणि कुठल्या वारी ते सांगता येत नाही, असा मगदूमचा हिशेब होता. तो त्यानं झोपेतून उठल्याबरोबर मांडला.

"सोमवार ते शनिवार, दिगू कॉलेजात दिसणार नाही. रोज बाहेर. आम्ही आहोत बरोबर."

"पण प्रॅक्टिकल..."

"प्रॅक्टिकलला तर ती शेजारीच उभी असती! येडा का खुळा तू?"

माझी काहीच हरकत नव्हती. म्हणजे राखीला. आरवाडेनं राखी बांधली असती तर मी "जास्त झालं" एवढंही म्हणालो नसतो. हरकत होती ती त्यानंतरच्या शांततेला. मी म्हणालो, "बरं."

अशा रीतीनं माझ्या आयुष्यातला सर्वांत गजबजलेला आठवडा सुरू झाला.

सोमवारी आम्ही हरिपूरला संगमावर गेलो. कृष्णा आणि वारणा तिथं भेटतात. पाणी गढूळ होतं आणि फुगलेलं होतं. त्या दोघांनी मला एका पायरीवर बसवलं आणि स्वतः भेळेच्या गाडीकडे गेले. परत आले ते दोनच पुडे घेऊन.

"माझी?"

"तुला भूक आहे?" खाडेनं आश्चर्यानं विचारलं. प्रेमात पडलेल्या माणसाला भूक लागत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. मला अतिशय भूक लागली होती. पण "आहे" म्हणावं तर प्रेमाबद्दल शंका आली असती. मी पाण्याकडे बघत बसलो. "बघ, बघ कसा बघतोय," खाडे मगदूमला हळूच म्हणाला, आणि त्याचा कंठ दाटून आला. कदाचित मिरची लागली असेल.

मंगळवारी मिरजेला सिनेमा. नायिकेला नायकापासून तोडतात त्या जागी दोघांनी दोन्ही बाजूंनी माझे हात घट्ट धरले. मध्यंतरात वडे आले, तेही त्यांनी दुःखानं खाल्ले.

रोज सकाळी मगदूम माझ्यापाशी पहाऱ्याला थांबायचा आणि खाडे कॉलेजात टेहळणीला जायचा. परत आला की खबर द्यायचा.

"वहिनी विचारत होत्या. बिराजदार कुठं आहे म्हणाल्या."

"कशाला पाहिजे, ते विचारलंस?" मी म्हणायचो.

"वहिनींना उलटं विचारतात होय? पण हात पर्समध्ये होता."

मगदूम आणि तो एकमेकांकडे बघायचे. बुधवारी ती दोनदा विचारून गेली. गुरुवारी मुलांच्या कॉमन रूमच्या दारापर्यंत आली, जिथं आमच्या कॉलेजच्या इतिहासात मुलगी आली नव्हती.

"लई जोर लावलाय," मगदूम म्हणाला. "बाई जिद्दीची आहे. मनगट सांभाळ दिगू."

तेव्हापासून मी उजवा हात खिशात घालून हिंडू लागलो. दंडोबाच्या डोंगरावर एका हातानं चढलो. वर पोचल्यावर खाडेनं दरीच्या काठाशी जाऊन "वहिनीऽऽ" अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. धुकं होतं आणि समोर डोंगर नव्हता.

शुक्रवारी तासगावला खाडेच्या आत्याकडे. आत्यांना त्यानं आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. आत्यांनी दोन पुरणपोळ्या माझ्या ताटात वाढल्या, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि डोळ्याला पदर लावला.

"खा हो बाळा. का ते पण जात नाही?"

"जात नाही आत्या," खाडे म्हणाला, आणि माझी दुसरी पोळी उचलली.

मला आठवतंय, त्या परतीच्या एस.टी.त मी तिघांच्या बाकावर मधे बसलो होतो, पोटात कावळे ओरडत होते, आणि दोन्ही बाजूंना दोन माणसं माझ्या काळजीनं झोपली होती. एवढी माया मला घरीसुद्धा मिळाली नव्हती. आणि ती मिळत होती कुणा भलत्याच माणसाला, जो आरवाडेवर जीव टाकत होता आणि ज्याला भूक लागत नव्हती. मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला होता. थोडा रागही.

शनिवारी नरसोबाच्या वाडीला जायचं ठरलं. शेवटचा दिवस. तो पार पडला की वर्षभर बघायला नको.

पावसाळी हवा, दर्शनाला बऱ्यापैकी गर्दी. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर उभे होतो. मगदूम जैन. चातुर्मासात तो सूर्यास्तानंतर काही खायचा नाही, त्यामुळे सूर्यास्ताच्या आत तो जे खायचा ते बघण्यासारखं असायचं. बासुंदी आधी की दर्शन आधी, यावर त्याचं खाडेशी चाललं होतं. तेवढ्यात वरच्या पायरीवरून हाक आली.

"बिराजदार!"

आरवाडे उभी होती. एका हातात मिटलेली छत्री, खांद्याला पर्स. एकटीच. धाप लागलेली.

"मनगट!" मगदूम ओरडला. मी हात खिशात खुपसला. तो मला ओढत पाण्याकडे नेऊ लागला, पण तिकडे नदी होती.

"हिला कसं कळलं आपण इथं आहे ते?" तो दातओठ खात म्हणाला.

खाडे खालच्या पायरीकडे बघू लागला.

"खाड्या?"

"सकाळी त्यांनी विचारलं," खाडे पुटपुटला, "मग मी सांगितलं."

"सांगितलंस?"

"वहिनींशी खोटं बोलायचं नसतं, मगदूम."

हा नियम मगदूमनंच केला होता.

आरवाडे चार पायऱ्या खाली आली. खाडे सवयीनं बाजूला सरकून अदबीनं उभा राहिला. तिनं पर्स उघडली. मगदूमनं डोळे मिटले.

तिनं रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाली, "किल्ली दे."

"काय?"

"लॉकरची किल्ली! आठवडाभर शोधतेय मी तुला. आपल्या लॉकरची एकच किल्ली आहे आणि ती तुझ्याकडे आहे. ब्युरेट आत, पिपेट आत. सगळा वर्ग टायट्रेशन करतोय आणि मी लोकांच्या टेबलावर भीक मागत फिरतेय. सोमवारी परीक्षा आहे, माहीत तरी आहे का?"

मी खिशातल्या हाताची मूठ उघडली. किल्ली तिथंच होती. आठवडाभर मी मनगट सांभाळत होतो, ते तिच्या किल्लीसकट.

"म्हणजे राखी नाही?" मगदूमनं एक डोळा उघडून विचारलं.

"कसली राखी?"

"हरभट रोडला घेतलेली," खाडे अदबीनं म्हणाला.

"मला दोन भाऊ आहेत. दोघंही बिनकामाचे. तिसरा घेऊन काय करू?"

मगदूमचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. त्यानं खाडेच्या पाठीत गुद्दा घातला. "वाचलास दिगू! अरे वाचलास!" मग एकदम आवाज खाली आणून, माझ्या कानाशी: "आणि ती एवढ्या लांब एकटी आलीय. फक्त किल्लीसाठी? विचारून टाक. आत्ता, देवाच्या दारात. आम्ही बाजूला होतो."

आणि ते खरोखरच बाजूला झाले. दहा-बारा पायऱ्या वर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठींवरूनसुद्धा कळत होतं की ते ऐकायचा प्रयत्न करतायत.

मी किल्ली हातात धरून उभा होतो. हे आता असंच चालणार, हे मला स्वच्छ दिसलं. पुढच्या आठवड्यात विचारून टाक, त्याच्या पुढच्या आठवड्यात विचारलंस का. आणि भेळेचे दोनच पुडे.

"आरवाडे," मी म्हणालो, "एक राखी बांधतेस का मला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं. तिचं नाव कसं घेतलं, का घेतलं, हजेरीपासून सगळं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"वहिनी म्हणतात ते तूच सुरू केलंस होय," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी तरी खरंच आहे."

"नाही. कुणी नाही."

"तुझा तो उंच मित्र. परवा काकांच्या दुकानासमोर गर्दी होती. तर मला म्हणतो, 'वहिनी, पुढं व्हा, मी सायकल धरतो.' काका गल्ल्यावर. त्यांनी रात्री बाबांना विचारलं, ही कुणाची वहिनी? तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. आई म्हणते, बी.एस्सी. पुरे, इचलकरंजीचं स्थळ आलंय ते बघू. सोमवारच्या परीक्षेत नापास झाले असते, तर त्यांना कारणच मिळालं असतं."

खालून नदीचं पाणी पायरीला लागत होतं आणि परत जात होतं. मी आठवडाभर एका मनगटाची काळजी करत होतो आणि इकडे एका मुलीचं कॉलेज सुटायची वेळ आली होती. 

"मग बांध," मी शेवटी म्हणालो. "त्यांच्यासमोर. म्हणजे संपेल."

"आणि ते तुझे मित्र?"

"जातील."

ती क्षणभर वर उभ्या असलेल्या त्या दोन पाठींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल."

मंदिराच्या वाटेवर पेढ्यांच्या दुकानांच्या मधोमध एक राखीची गाडी होती. दुकानदारानं नाजूक रेशमी गोंडे पुढं केले.

"मोठी दाखवा," आरवाडे म्हणाली.

"ताई, ही फॅन्सी आहे..."

"लांबून दिसली पाहिजे. सायकल स्टँडवरून."

तिनं स्पंजची राखी निवडली. जेवणाच्या ताटलीएवढी, लाल, वर सोनेरी कागदाचं कमळ आणि कमळावर 'बंधुराज' अशी अक्षरं. मी हात पुढं केला. तीन दिवस खिशात राहून तो पांढरा पडला होता.

"अय!" मागून मगदूमची आरोळी आली. "अय, अय, अय! दिगू! हात काढ!"

तो पायऱ्या सोडून धावत येत होता. मधे पेढ्यांची टोपली आडवी आली, ती त्यानं ओलांडली. पोचला तेव्हा आरवाडे दुसरी गाठ मारत होती. तिनं तिसरीही मारली.

"ओवाळणी?" तिनं हात पसरला.

मी किल्ली दिली.

"सोमवारी वेळेवर ये," ती म्हणाली. "फ्लास्क मी हलवणार." आणि खाडेकडे वळून: "आता मला नावानं हाक मारायची. मोठ्यानं. काकांच्या दुकानासमोरसुद्धा."

"हो, वह..." खाडे म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

छत्री हलवत ती एस.टी. स्टँडकडे निघून गेली.

मग आम्ही तिघं एका ओट्यावर बसलो. मगदूम माझ्या मनगटाकडे बघत होता. गावात कुणी गेल्यावर दारातल्या तिरडीकडे बघतात तसा. मी म्हणालो, "मीच मागितली." आणि बाकीचंही सांगून टाकलं. आता राहिलं काय होतं?

"म्हणजे प्रेम नव्हतंच?" खाडे म्हणाला.

"नव्हतं."

"मग हरिपूरला पाण्याकडे बघत होतास ते?"

"भूक लागली होती."

 मी मनातल्या मनात त्यांना वरच्या मजल्यावर पाठवून दिलं.

"मग बासुंदी तरी खाशील की नाही?" मगदूमनं विचारलं.

मी तीन वाट्या खाल्ल्या. चौथी मागवली तेव्हा मगदूम म्हणाला, "हे लगा लई खातंय." त्याच्या आवाजात राग नव्हता, आदर होता. खाडेनं हळूच माझ्याकडे सरकून विचारलं, "खरं सांगू? मला पण आठवडाभर लई दमायला झालं. तो डोंगर तर नकोच होता." मग मगदूमही म्हणाला की गुरुवारपासून त्याची टाच दुखतेय, पण मित्राचं प्रेम म्हणून तो बोलला नव्हता.

तरीही रात्री मी खोलीत एकटाच राहिलो. रविवारी सकाळीही कुणी आलं नाही. पौर्णिमा होती, खाली मुलांचे आवाज येत होते. ठीक आहे, मी स्वतःला सांगितलं. आरवाडेचं कॉलेज वाचलं. एवढं पुष्कळ आहे. मी केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं आणि एकच ओळ वाचत बसलो.

अकराच्या सुमाराला दार ढकललं गेलं. मगदूम आत आला आणि कॉटवर पसरला. मागून खाडे आला आणि खुर्ची उलटी करून बसला.

मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "तुम्ही आलात?"

"म्हणजे?"

"नाही, मला वाटलं... आता वहिनी नाही, काही नाही. तर तुम्ही कशाला याल?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना प्रश्नच समजला नव्हता.

"वहिनीचा काय संबंध?" मगदूम म्हणाला. "तुझ्या खिडकीतनं मेसचं दार दिसतंय की. उघडलं की लगेच कळतं. अख्ख्या हॉस्टेलात ही एकच खोली आहे अशी. आज नारळीभात आहे."

मी उठून खिडकीशी गेलो. मेसचं दार दिसत होतं. अजून उघडलं नव्हतं.